दारातला बहुरूपी, पडद्यावरचा फौजदार

वहिनी : हे छापायला देऊ नका, भाऊजी.

मी : का? हसू आलं नाही?

वहिनी : आलं. म्हणूनच म्हणते.

वहिनी साताऱ्यातल्या एका बँकेच्या शाखेत आहेत, पेन्शनचं काउंटर त्यांच्याकडे असतं. मी विनोदी लेख आणि प्रहसनं लिहितो. त्या रविवारी त्यांच्या हातात माझ्या नव्या प्रहसनाचा खर्डा होता. निवृत्त हेडमास्तरांना व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभाचं चित्र. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही.' हेडमास्तर दोन दिवस हलत नाहीत. आंघोळीला जाण्यासाठी रजेचा अर्ज लिहितात, तोही मोबाइलसमोर वाचून दाखवतात. एवढ्यावर प्रहसन उभं होतं.

नोव्हेंबर संपत आला होता, म्हणजे वहिनींचा वर्षातला सगळ्यात दमवणारा महिना. समोर पावट्याच्या शेंगांचा ढीग होता. सोलता सोलता बोलणं सुरू झालं आणि ते बरंच लांबलं. ते लिहून काढतोय, कारण आजच्या जगण्यातल्या विसंगतीवर विनोद करणाऱ्यानं कोणाला हसवायचं आणि कोणावर, हा प्रश्न त्या बोलण्यात मला जितका नेमका भेटला तितका आधी कुठे भेटला नव्हता.

मी : हसू आलं तर मग बिघडलं कुठे?

वहिनी : हसू कोणावर आलं ते बघा. हेडमास्तरांवर. तुमच्या फौजदारावर एकदाही नाही. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. पासष्टीच्या पुढचे. मुदत ठेव मोडायची म्हणाले. कशासाठी विचारलं तर म्हणाले मुलीचं लग्न. मला त्यांच्या मुली माहीत आहेत, दोघींची लग्नं होऊन वर्षं झाली. आणि शर्टाच्या खिशात मोबाइल होता, उभा, कॅमेरा बाहेर. स्क्रीन चालू, कापडातून उजेड दिसत होता. मी काही विचारलं की लगेच उत्तर येत नव्हतं, आधी मान किंचित खाली जायची. कोणीतरी ऐकतंय असं बोलत होते.

मी : मग?

वहिनी : पैसे काढायच्या स्लिपच्या मागे लिहिलं, 'फोनवर पोलीस आहेत का?' आणि स्लिप सही करायला म्हणून पुढे सरकवली. त्यांनी वाचलं. डोळे मिटले, उघडले. बास. मग मी मोठ्यानं म्हणाले, 'काका, सर्व्हर डाऊन आहे. आज होणार नाही, उद्या या.' खिशातल्या माणसानं ते ऐकलं आणि त्याला शंकासुद्धा आली नाही.

मी : म्हणजे ज्या वाक्यावर आख्खा महाराष्ट्र हसतो त्या वाक्यानं ठेव वाचवली.

वहिनी : वाचवली. पण पुढचं ऐका. केबिनमध्ये नेलं, फोन बंद केला, पाणी दिलं. पहिलं वाक्य काय बोलले? 'मॅडम, कोणाला सांगू नका, लोक हसतील.' पैसे जायची भीती होतीच, तुरुंगाचीही होती, पण त्यापेक्षा मोठी भीती ही. मुलाला फोन लावू का विचारलं तर हात जोडले. भाऊजी, ज्यांचे पैसे गेले ते तक्रारीला उशिरा का जातात, माहीत आहे? 1930 या सायबर हेल्पलाइनवर पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. नंतर ते एका खात्यातून दहा खात्यांत जातात, तिथून काढले जातात, हाती काही लागत नाही. आणि माणूस ते पहिले तास घरात तोंड लपवून काढतो. तुमच्यासारख्यांनी त्याला हास्याचा विषय केलाय म्हणून.

यावर पटकन बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि बोलायची घाईही नव्हती. विनोदाची बाजू घेणारे आम्ही लोक नेहमी म्हणतो की हसल्यानं माणूस मोकळा होतो. ज्याच्यावर हसलं जातं तो गप्प होतो, हे आम्ही मोजत नाही. ते मोजायलाच हवं. पण वहिनींच्या म्हणण्यातून 'म्हणून लिहू नका' हा निष्कर्ष निघतो, असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मी : वहिनी, ते गृहस्थ घाबरले का, हा माझा प्रश्न आहे. शिकलेला माणूस, आयुष्यभर नोकरी केलेला. त्याला कोणीतरी सांगतं की तू फोनमध्ये अटकेत आहेस, आणि तो ऐकतो. असं कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, पोलीस सांगतात, तुमच्या भिंतीवर फलक आहे. तरी ऐकतो. का?

वहिनी : घाबरतो म्हणून. वर्दी दिसली की घाबरतो.

मी : नुसती वर्दी नाही. लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल, पद्मभूषण मिळालेला उद्योगपती. 2024 मध्ये त्यांना व्हिडिओवर आख्खं खोटं सर्वोच्च न्यायालय दाखवलं, सरन्यायाधीशांच्या नावानं सुनावणी केली आणि 7 कोटी काढले. त्यांना वर्दीचं काय भय? त्यांनाही ते खरं वाटलं, कारण खऱ्याचा सूर तसाच असतो. तुम्ही माझ्या मोबाइलवर वर्षभर काय पाठवता ते आठवा. 'केवायसी पूर्ण न केल्यास खाते गोठवले जाईल.' 'तात्काळ.' 'अंतिम सूचना.' वीज तुटेल, सिम बंद होईल, गॅसचं अनुदान थांबेल. एका ओळीत धमकी, दुसऱ्या ओळीत निळी लिंक. खरा संदेश आणि चोराचा संदेश शेजारी ठेवले तर भाषेवरून ओळखता येत नाहीत. वर्षभर त्या सुरात हुकूम ऐकायची सवय आपणच लावली. चोराला फक्त फोन लावायचा राहिला.

वहिनी : लिंकची भानगड आता कमी झालीय. बँकांना स्वतःचा वेगळा पत्ता घ्यायला लावलाय, शेवटी 'डॉट बँक डॉट इन' असलेला. व्यवहाराचे फोनही 1600 पासून सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करायचे, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय.

मी : छान केलं. हे किती ग्राहकांना माहीत आहे?

वहिनी : (शेंग सोलत) थोड्यांना.

मी : आणि ओटीपी? संदेशात लिहिलेलं असतं, हा क्रमांक कोणालाही सांगू नका. खाली दारात सिलिंडरवाला उभा असतो, तो म्हणतो कोड सांगा. पार्सलवाला म्हणतो ओटीपी सांगा. टॅक्सीवाला म्हणतो चार आकडे सांगा, त्याशिवाय गाडी हलत नाही. माझ्या आईनं एकदा सिलिंडरवाल्याला स्पष्ट नाही सांगितलं, कारण तुम्हीच तिला शिकवलं होतं की कोणी मागितला तरी द्यायचा नाही. सिलिंडर परत गेला. त्या दिवशी घरात सगळे तिच्यावर हसले. माझ्या मते त्या इमारतीत शिकवलेलं नीट पाळणारी ती एकटी होती.

वहिनी : ते कोड वेगळे असतात. पैसे देण्याचा वेगळा, माल घेण्याचा वेगळा.

मी : तुम्हाला माहीत आहे. तिला दोन्ही आकडेच दिसतात. आणि याच्यावर मी विनोद करू नको म्हणता?

वहिनी : तुम्ही याच्यावर केलाच नाहीत ना! तुम्ही आंघोळीच्या रजेवर केलात.

इथे शेंगा बाजूला राहिल्या. वहिनी मुद्द्यावर आल्या की हात थांबतात.

वहिनी : आता माझी बाजू ऐका. तुम्हाला प्रत्येक नियम वेडगळ दिसतो, कारण तुम्हाला त्याचं शेवटचं टोक दिसतं. हयातीचा दाखला घ्या. दर नोव्हेंबरात म्हाताऱ्या माणसानं येऊन सांगायचं की मी जिवंत आहे. विनोदाला याहून सोपा विषय नाही, शंभर जणांनी लिहून झाला असेल. पण तो नियम का आला? माणूस गेल्यावर घरच्यांनी कळवलं नाही आणि पेन्शन चालू राहिली, असं होतं म्हणून आला. पैसे सरकारचे, म्हणजे तुमचेच. नियम करणारा वेडा नव्हता.

मी : मान्य. पुढे?

वहिनी : पुढे 2014 मध्ये 'जीवन प्रमाण' आलं, आधारवर अंगठा लावून घरबसल्या दाखला. चांगलंच झालं. ऐंशीच्या पुढच्यांना तर ऑक्टोबरपासूनच मुभा असते, गर्दीत यायला नको. पण अंगठा उठत नाही. आमच्याकडे एक आजी येतात, नवरा पाटबंधारे खात्यात होता, फॅमिली पेन्शन आहे. आयुष्यभर शेतात खुरपं धरलेलं, बोटावर रेषाच राहिल्या नाहीत. यंत्रावर बोट ठेवलं की तांबडा दिवा. पुन्हा ठेवलं, पुन्हा तांबडा. मग आम्ही सांगतो, आजी, बोट डोक्याला पुसा. केसांतलं तेल लागलं की कधीकधी उठतो. त्या पदर मागे सारतात, बोट भांगातून फिरवतात, परत ठेवतात. दहाही बोटं होतात. रांग मागे वाढत जाते. नाहीच उठला तर चेहऱ्याचं ॲप. ते म्हणतं डोळे मिचकवा. आदल्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

मी : वहिनी, तुम्ही आता जे सांगितलं ते माझ्या प्रहसनापेक्षा शंभर पटींनी चांगलं आहे.

वहिनी : चांगलं? मला रडू येतं.

मी : मलाही आतून तसंच होतंय. पण बघा, तुम्ही सांगताना मला आजींवर हसू आलं नाही. यंत्रावर आलं. जिवंत बाई समोर बसलीय, बोलतेय, तिच्या डोक्याला तेल आहे, आणि तुम्ही सगळे तांबड्या दिव्याकडे बघताय. नियम शहाणा असेल, तुमचं खरं. प्रत्येक पायरी कोणीतरी विचार करूनच बांधली असेल. पण सगळ्या पायऱ्या चढून शेवटी ओझं कोणाच्या डोक्यावर येतं? ज्याच्याकडे वेळ, ताकद, डोळे सगळ्यात कमी त्याच्या. मला विनोद करायचाय तो त्या ओझं सरकवण्यावर.

वहिनी : मग तसा करा की. पण तसं लिहायचं तर आधी आमच्या रांगेत येऊन बसावं लागेल. नुसतं ऐकून 'म्हातारा माणूस आणि मोबाइल' असं लिहून भागणार नाही.

ही मागणी रास्त आहे, आणि जुनीही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करत होते. 1902 मध्ये 'विविधज्ञानविस्तारा'त त्यांचा पहिला विनोदी लेख आला तो 'साक्षीदार'. पुढे त्यातूनच 'सुदाम्याचे पोहे' झाले. माणूस रोज जिथे उभा राहत होता तिथूनच त्यानं सुरुवात केली. पु. लं.च्या 'म्हैस'मध्ये एसटीला म्हैस आडवी येते आणि सगळी गाडी पंचनाम्यासाठी खोळंबते. त्यातही पंचनामा कसा होतो, कोण आधी बोलतो, कोण कधी माघार घेतो, याची बारीक माहिती आहे. ती नसती तर उरली असती नुसती म्हैस. मी वहिनींना हे सांगितलं.

वहिनी : कोल्हटकरांनी मुहूर्त, शकुन, सोहळे सगळ्यांवर लिहिलं ना? सव्वाशे वर्षं होत आली. परवाच शेजारच्यांनी नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. हसून काय बदललं?

मी : काही गोष्टी बदलतात. प्रत्येक अर्जाला राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का लागायचा, आठवतं? तुमच्याच वडिलांकडे पोरं रांग लावायची. ज्यानं मूळ कागद पाहिलाही नाही त्यानं 'खरी प्रत' म्हणून सही करायची. त्यावर दोन पिढ्या हसल्या. शेवटी 2015 मध्ये महाराष्ट्र शासनानं स्वतःच स्वतःची प्रत साक्षांकित करायला मुभा दिली.

वहिनी : ते हसण्यामुळे झालं, याला पुरावा?

मी : नाही. पण ज्या गोष्टीवर सगळे हसतात ती गोष्ट गंभीर चेहऱ्यानं चालू ठेवणं अवघड होत जातं, एवढं मी म्हणेन.

वहिनी : मी नाही म्हणणार. कोणीतरी खोलीत बसून फाइल पुढे ढकलली म्हणून झालं. त्या माणसाचं नाव कोणाला माहीत नाही, आणि विनोदी लेखकाचं सगळ्यांना.

मला हे पूर्ण पटत नाही, पण त्या अनाम माणसाबद्दल त्या बोलल्या ते बरं झालं. आमच्या लेखनात तो कधीच येत नाही. मग मी माझा खरा मुद्दा काढला, जो मनात बरेच दिवस होता.

मी : वहिनी, लहानपणी आमच्या गावात बहुरूपी यायचा. काही ठिकाणी रायरंद म्हणतात. खाकी कपडे, शिट्टी, काखेत वही. दारात उभा राहून दरडावायचा, 'घरमालक कोण? वॉरंट आहे!' आणि आरोप वाचायचा. आरोप असे की मांजरानं दही खाल्लं त्याचा जामीन घरमालकानं दिला नाही, सासूनं सुनेला एकदा बरं म्हटलं त्याची नोंद तलाठ्याकडे झाली नाही. चेहरा अगदी कडक. आम्ही पोरं आधी घाबरायचो, मग त्याच्या पायांकडे बघायचो. एका पायात बूट, दुसऱ्यात वहाण. पट्ट्याच्या जागी सुतळी. आणि आजोबा आतून ओरडायचे, 'फौजदारसाहेब, बसा, च्या घ्या.' त्याला सूपभर धान्य मिळायचं.

वहिनी : आमच्याकडेही यायचा. आई आधी हसायची आणि मग पैसे द्यायची.

मी : दरवर्षी येऊन तो गावाला एकच गोष्ट शिकवून जायचा. मोठा आवाज म्हणजे खरा फौजदार नव्हे. पाय बघा, पट्टा बघा, वहीत काय लिहिलंय ते विचारा. आणि तो आला की सगळा वाडा दारात जमायचा. एकट्याला गाठून तो कधी काही बोलत नसे. आता पडद्यावरचा फौजदार बघा. त्याची पहिली अट कोणती? खोलीत एकटे बसा, दार लावा, बायकोला सांगू नका. कारण दुसरा माणूस शेजारी आला की तो पाय बघेल. पडद्यात पाय दिसतच नाहीत, वर्दी छातीपर्यंतच असते. बहुरूप्याचं सोंग चार माणसांत खुलायचं, याचं चार माणसांत मोडतं. आपल्याकडे लाखो फलक आहेत, पण ते सोंग दारात आणून दाखवणारा माणूस राहिला नाही. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सावधगिरीची धून प्रत्येक फोनला वाजायची. इतकी वाजली की लोक वैतागले, 2025 च्या जूनमध्ये ती बंद झाली. सूचना शंभरदा ऐकली की कानाआड होते. सोंग एकदा पाहिलं तरी लक्षात राहतं.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोलल्या ते मला अनपेक्षित होतं.

वहिनी : बहुरूपी राहिला नाही म्हणता. तो का राहिला नाही तेही सांगा. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. मोबाइलवर अफवा होती मुलं पळवणारी टोळी आल्याची. लोकांनी पाचही जणांना ठेचून मारलं. तुमच्या लाडक्या चार माणसांनी. म्हणून आता कोणी सोंग घेऊन परक्या दारात उभं राहायला धजत नाही. चार माणसं जमली की शहाणपणच येतं असं नाही, भाऊजी.

हे खरं आहे, आणि याला मी उत्तर दिलं नाही. दारात येणाऱ्या निरुपद्रवी माणसाला आम्ही ठार मारलं आणि पडद्यातल्या चोरासमोर हात जोडून बसलो, दोन्ही एकाच यंत्राच्या भरवशावर. यात हसण्यासारखं काहीही नाही. पण ओळखण्याची सवय मोडली की काय होतं, ते मात्र यातून दिसतं. दोन्हीकडे कोणी विचारलं नाही, तू कोण, कुठला, कागद दाखव, पाय दाखव.

मी : मग ती सवय परत कशी लावायची?

वहिनी : शिकवून.

मी : कशानं शिकवून? फलकानं?

वहिनी : तुमचा चोर तरी खरा करा आधी. तुमचा फौजदार नुसता ओरडतो. खरा ओरडत नाही. खरा 'सर' म्हणतो. आधी एक बाई बोलते, कुरिअर कंपनीतून, अगदी गोड. मग ती म्हणते, अरे सर, तुमच्या नावाचा कोणीतरी गैरवापर केलेला दिसतो, तुम्ही चांगले माणूस आहात, मी तुमची मुंबई पोलिसांशी गाठ घालून देते. म्हणजे आधी मदत, मग धाक. मग म्हणतो पैसे तपासायला पाठवा, रिझर्व्ह बँक तपासून परत करेल. लोक शेवटच्या ठिकाणी फसतात असं तुम्हाला वाटतं. फसतात पहिल्या 'सर'ला.

मी लिहून घेऊ लागलो. कोल्हटकरांच्या 'चोरांचे संमेलन'मध्ये चोर सभा भरवतात, ही कल्पना शतकापूर्वी विनोदाची होती. आज चोरांची खरीखुरी कचेरी असते, पाळ्या असतात, बोलायच्या वाक्यांचे कागद असतात. कंबोडिया आणि म्यानमारमधल्या अशा वसाहतींमध्ये नोकरीचं आमिष दाखवून नेलेली आपलीच पोरं डांबलेली होती. मार्च 2025 मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. म्हणजे त्या खाकी शर्टात बसलेला पोरगाही कदाचित कैदीच. हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी खर्डा उचलून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

वहिनी : मग तुमचा फौजदारही नुसता राक्षस नको. त्याच्यामागे कोणीतरी उभा असलेला दाखवा. आणि हेडमास्तरांच्या आंघोळीचा अर्ज काढा.

मी : तो काढला तर हसू कशाला येणार?

वहिनी : सर्व्हर डाऊनला. चोर म्हणतो ताबडतोब पैसे भरा, मास्तर म्हणतात भरतो, पण बँक म्हणते सर्व्हर डाऊन. चोर म्हणतो दुसऱ्या शाखेत जा. तिथे जेवणाची सुट्टी. तिसरीकडे केवायसी मागतात. चोरच वैतागतो. त्याला कळतं आपण रोज काय सोसतो ते.

ही कल्पना त्यांची आहे, माझी नाही, आणि ती माझ्या सगळ्या खर्ड्यापेक्षा सरस आहे. हसू मास्तरांकडून निघून चोराकडे गेलं, तिथून बँकेकडे. तरीही एक जागा अडत होती आणि ती अडणारच होती.

मी : वहिनी, हे तुमच्या शाखेत करू. पेन्शनर टोकन घेऊन बसलेले असतात तेव्हा. तमाशातल्या बतावणीसारखं, दोघांत. तिथेच करायला हवं, कारण ते तिथेच घाबरतात. पण मग आणखी एक प्रवेश घालावा लागेल. तुमच्या बँकेतून मला फोन येतो, अनोळखी नंबर, आणि पलीकडची मुलगी म्हणते, 'सर, खात्री करायची आहे, तुमची जन्मतारीख सांगा.' फोन तिनं केला, ओळख मी पटवायची. चोर नेमकं हेच करतो. हे नसेल तर आपलं सोंग अर्धं खोटं.

वहिनी : आमच्याच शाखेत उभं राहून आमच्याच बँकेवर?

मी : आणखी कुठे? जिथे बोलणाऱ्याला काही भोगावं लागणार नाही तिथे बोललेला विनोद सोपा असतो. मास्तरांवर लिहिलं तर मला कोणी काही करणार नव्हतं. मोठ्यांवर बोललं की काय होतं तेही आपण पाहतो. मार्च 2025 मध्ये एका विडंबनगीतानंतर खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत तोडफोड झाली. म्हणून आम्ही लिहिणारे हळूहळू खाली सरकतो, म्हाताऱ्यांवर, गावंढळांवर, इंग्रजी न येणाऱ्यांवर. मला तसं सरकायचं नाही. बँकेच्या फोनचा प्रवेश राहू द्या.

वहिनी : मॅनेजर परवानगी देणार नाहीत.

मी : तुम्ही विचाराल का?

वहिनी : विचारीन. पण 1930 हा आकडा तुम्ही सांगायचा नाही, लोकांकडून म्हणवून घ्यायचा. मागच्या रांगेतल्यालाही. आणि 'लाज वाटून घेऊ नका, तासाभरात फोन करा' हे मास्तरांच्याच तोंडी हवं, पोलिसांच्या नको.

मी : घालतो. आणि तो बँकेचा फोन?

त्यांनी सोललेले दाणे पातेल्यात ओतले, टरफलं गोळा केली. वहिनी अशा वेळी नियम आठवून बघतात हे मला माहीत आहे. कोणाला काय बोलता येईल, कोणाची नोकरी अडचणीत येईल.

वहिनी : ठेवा. पण त्या फोनवरच्या मुलीची नक्कल करायची नाही. ती कंत्राटावर आहे, तिला कागद देतात, तेच ती वाचते. तो कागद आमच्याकडून जातो. प्रवेशात फोन करणारी बाई पेन्शनच्या काउंटरवरची दाखवा. साडी माझ्यासारखी, चष्मा माझ्यासारखा. लोकांना कळू दे मीच आहे.

मी : मॅनेजर चिडले तर?

वहिनी : चिडतील. तुम्ही तो सिलिंडरच्या कोडाचा भाग कुठे घालणार ते सांगा, मला तो सासूबाईंकडूनच बोलून घ्यायचाय.